गाडी मालकाची, हप्ता कामगारांचा

पत्र लांब होतं, कामापुरतं कापून देते आहे.

"मॅडम, मी कराडला डीप फ्रीझर आणि कोल्ड रूम दुरुस्तीच्या एका फर्ममध्ये सहा वर्षं टेक्निशियन आहे. पगार २७,००० रुपये. आम्ही चौघं टेक्निशियन. मालकांनी मागच्या वर्षी नवी ईको घेतली. दिवसा ती साइटवर फिरते. नाइट कॉल ज्याच्याकडे असेल तो त्या आठवड्यात गाडी घरी नेतो, म्हणजे महिन्यातून एक आठवडा. सात महिन्यांपासून चौघांच्याही पगारातून दरमहा २,८०० कापतात. मालक म्हणतात, 'गाडी घरी नेता, मग भाडं नको?' स्लिपवर मात्र 'अ‍ॅडव्हान्स वसुली' लिहून येतं. मी दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या ऑपरेशनला ३०,००० अ‍ॅडव्हान्स घेतला होता, पण तो दरमहा २,५०० प्रमाणे वर्षात फेडला. आता दोन महिन्यांमागे रात्री दीड वाजता एका डेअरीच्या मागच्या बोळात रिव्हर्स घेताना गाडी खांबाला घासली. बंपर आणि टेललाइट गेली. बिल १४,६०० झालं म्हणतात, ते चार हप्त्यांत कापणार, दोन कापले. पीयूसी संपल्याचं चलान आलं, तेही माझ्या नावावर टाकलं. किल्ली घेताना मी एका कागदावर सही केली आहे. अकाउंटवाला म्हणतो, कायद्याने निम्म्यापर्यंत पगार कापता येतो, आणि २४,००० च्या वर पगार असला की तो कायदाच लागत नाही. मालक माणूस वाईट नाही. सोडावं का? — एक टेक्निशियन"

भाऊ,

तुमचं पत्र वाचताना आधी कॅल्क्युलेटर हातात घेतला. बावीस वर्षं एमआयडीसीत लोकांची पगारपत्रकं केली, सवय जात नाही. तुम्ही स्लिपचा फोटो जोडलात ते बरं केलंत. सत्तावीस हजारांतून पीएफचे १,८००, व्यवसाय कराचे २००, 'अ‍ॅडव्हान्स'चे २,८०० आणि अपघाताचे ३,६५० गेले की हातात येतात १८,५५०. पहिल्या दोन कपातींबद्दल कुणाचंच भांडण नाही. उरलेल्या दोघींची जात वेगळी आहे आणि मालकांनी त्यांना एकाच पोत्यात भरलं आहे, म्हणून तुमचा गोंधळ होतो आहे.

पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे. गाडीच्या कर्जाचा हप्ता ११,२०० आहे, असं अकाउंटवाला चहा पिताना बोलून गेला. ११,२०० भागिले चार किती होतात? २,८००. बरोब्बर. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे हे भाडं नव्हेच. मालकांच्या गाडीचा हप्ता तुम्ही चौघं भरता आहात. कर्ज फिटल्यावर आरसी बुकावर नाव कुणाचं असणार, हा प्रश्न तुम्ही मालकांना आत्ताच विचारू नका, पण स्वतःला विचारून ठेवा.

आता कायदा. पूर्वी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ होता. त्याला पगाराची मर्यादा होती, २०१७ पासून ती महिना २४,००० होती. तुमच्या अकाउंटवाल्याच्या डोक्यात तीच बसली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि कपातीच्या नियमांना असलेली ही मर्यादा गेली. टेक्निशियन असो, सुपरवायझर असो की मॅनेजर, पगार कितीही असो, नियम तेच. तेव्हा 'चोवीस हजारांच्या वर कायदा नाही' हे वाक्य त्याला एकदा शांतपणे सोडून द्यायला सांगा.

संहितेच्या कलम १८ मध्ये कोणकोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो याची यादी आहे. गैरहजेरी, मालकाने दिलेलं घर, अ‍ॅडव्हान्स, कर्ज, आयकर, पीएफ, कोर्टाचा हुकूम असं बरंच काही. यादीत नाही ते कापता येत नाही. 'निम्म्यापर्यंत कापता येतो' हे त्याच कलमातलं अर्धं वाक्य आहे. आधी प्रत्येक कपात यादीत बसली पाहिजे, मग अशा बसलेल्या सगळ्या कपातींची बेरीज पगाराच्या ५० टक्क्यांवर जायला नको, असा तो नियम आहे. तुमची बेरीज ८,४५० होते, साधारण ३१ टक्के. मर्यादेच्या आत आहे म्हणून ती आपोआप कायदेशीर होत नाही.

गाडीचं भाडं यादीत कुठे बसेल? मालकांचा वकील असेल तर तो 'सुविधा आणि सेवा' या कलमाकडे बोट दाखवेल. मालकाने दिलेल्या सुविधेपोटी कपात करता येते खरी, पण ती सुविधा सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने मान्य केलेली लागते. आणि त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की, कामासाठी लागणारी अवजारं आणि कच्चा माल पुरवणं म्हणजे सेवा नव्हे. माझ्या मते तुमची सगळी केस या एका ओळीवर उभी आहे. ज्या ईकोत गॅसचे सिलिंडर, व्हॅक्यूम पंप, ब्रेझिंगचा सेट आणि तांब्याच्या नळीची भेंडोळी भरलेली असतात, ती तुमच्या दृष्टीने पान्यासारखीच. शिंप्याने हाताखालच्या पोराकडून सुईचं भाडं घेतल्यासारखा हा प्रकार आहे.

'घरी नेता ना?' हे मालकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण घरी का नेता? रात्री दोन वाजता मेडिकलवाल्याचा फ्रीज बंद पडला की फर्मचं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. नाइट कॉलच्या आठवड्यात गाडी तुमच्या दारात उभी असते ती मालकांच्या धंद्यासाठी. दारात उभी आहे म्हणून ती तुमच्या चैनीची होत नाही.

तरी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत की अधूनमधून रविवारी मुलांना घेऊन उंब्रजला सासरवाडीला जाता. ते मात्र तुमचं. तिथे हिशेब द्या. कलम २२ म्हणतं की सुविधा कामगाराने स्वीकारलेली असली पाहिजे आणि कपात त्या सुविधेच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. घर ते वर्कशॉप तुम्ही चार किलोमीटर म्हणता. आठवड्याला सहा दिवस, जाऊन येऊन ४८ किलोमीटर. त्यात एखादा रविवार धरून महिन्याला शंभर किलोमीटर पकडू, थोडे जास्तच. पेट्रोल, घसारा, टायर, सगळं मिळून किलोमीटरला १२ रुपये धरले तरी १,२०० होतात, आणि त्यातलं वर्कशॉपला जाणंयेणं खरं तर कामाचंच. नुसता रविवार मोजला तर पाच-सहाशे. २,८०० कुठून येतात? हप्त्यातून येतात, हे आपण आताच पाहिलं.

मालकांनी गाडीला जीपीएस बसवलंय म्हणता आणि त्याचा तुम्हाला राग आहे. राग धरू नका. गाडी कुठल्या तारखेला किती किलोमीटर कुठे गेली याचा बिनतक्रार लिहिणारा कारकून मालकांनी स्वतःच्या खर्चाने ठेवला आहे आणि तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे.

आता स्लिपवरच्या 'अ‍ॅडव्हान्स वसुली'कडे येते. मला या पत्रात सगळ्यात जास्त तेच खटकलं.

हे कसं झालं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या जुन्या तीस हजारांचं खातं उघडं राहिलं. मालक म्हणाले, चौघांचे २,८०० कापा. अकाउंटवाल्याने 'गाडी भाडं' असा कॉलम शोधला, सापडला नाही, नवीन करायचा तर कन्सल्टंटला विचारावं लागतं, मग दिसला तो कॉलम वापरला. दुष्टपणा असेलच असं नाही, आळसही असतो. पण कागदावर आज असं दिसतं आहे की तुम्ही मालकांचे पैसे देणं लागता. उद्या नोकरी सोडलीत तर फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, 'शिल्लक अ‍ॅडव्हान्स' म्हणून काय आकडा निघेल, देव जाणे.

मी हे पाप स्वतः केलेलं आहे. भोसरीच्या एका कारखान्यात असताना हेल्परांच्या गमबुटाचे आणि गणवेशाचे पैसे मी 'इतर' या रकान्यात टाकत असे. साहेबांनी सांगितलं होतं, टाका तिथे. एका पगाराला एक वयस्कर हेल्पर खिडकीशी आला. रेशनकार्ड ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने चार घड्यांची स्लिप काढली, बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे इतर कोण? दर महिन्याला माझे ऐंशी रुपये नेतात." मी म्हटलं, ऑफिसात विचारून सांगते. ऑफिस म्हणजे मीच होते.

तेव्हा 'अ‍ॅडव्हान्स वसुली'च्या रकान्याला लेखी हरकत घ्या, आणि ती सगळ्यात आधी. मागच्या अ‍ॅडव्हान्सच्या बारा हप्त्यांच्या स्लिपा शोधून बाजूला ठेवा, बारा गुणिले २,५०० म्हणजे ३०,०००, विषय संपला. नवीन अ‍ॅडव्हान्स घेतल्याचं व्हाउचर मालकांकडे असणार नाही, कारण तुम्ही घेतलाच नाही. बेकायदा कपातीची तक्रार झाली तर देणी चुकती केली हे सिद्ध करायचा भार संहितेने मालकावर टाकला आहे, कलम ५९. कागद त्यांना शोधायचा आहे, तुम्हाला नाही.

अपघाताच्या बाबतीत मी तुमची बाजू पूर्ण घेणार नाही. 'मागे न बघता रिव्हर्स टाकली' हे तुमचेच शब्द आहेत. कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेल्या वस्तूचं त्याच्या हलगर्जीने नुकसान झालं तर त्यापोटी कपात करता येते, हे यादीत आहे. पण तीन गोष्टी मालकांना चुकवता येत नाहीत. नुकसान थेट तुमच्याच हलगर्जीने झालेलं पाहिजे. कापण्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. कलम २१ त्यासाठीच आहे, आणि तुम्हाला तर थेट स्लिपवर कळलं. तिसरं, कपात खऱ्या नुकसानीच्या वर जाता कामा नये.

या तिसऱ्या गोष्टीत पाणी मुरतंय. नवी गाडी, कर्जावर घेतलेली, म्हणजे बँकेने फुल इन्शुरन्स लावल्याशिवाय सोडली नसणार. क्लेम केला होता का? 'सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला' असं तुम्हीच लिहिलं आहे. मग विमा कंपनीने किती दिले? समजा बिल १४,६०० आणि कंपनीने ११,००० मंजूर केले, तर मालकांचं नुकसान ३,६०० चं. म्हणजे तुमचा पहिलाच हप्ता त्याहून जास्त गेला. विम्याचेही घ्यायचे आणि पगारातूनही कापायचं, असं एकाच बंपरचं दोनदा पीक काढता येत नाही. क्लेममुळे पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून मालक कुरकुरतील. त्यात थोडं तथ्य आहे, त्यावर बोलता येईल. पण वर्कशॉपचं अंतिम बिल आणि क्लेमचा मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय तिसरा हप्ता मान्य करू नका.

आणि त्या दिवशी तुम्ही सकाळी आठपासून कामावर होता. साडेसतरा तासांनी, बोळात दिवा नसताना माणसाकडून जे होतं त्याला सगळंच्या सगळं हलगर्जी म्हणायचं का, हे तुमच्या म्हणण्यात जरूर लिहा. नाइट कॉलचा ओव्हरटाइम मिळतो की नाही हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. मिळत नसेल तर ते वेगळं पत्र पाठवा, त्याचा आकडा कदाचित गाडीपेक्षा मोठा निघेल.

पीयूसीचं चलान मालकांचं. पीयूसी, विमा, गाडीची कागदपत्रं ही मालकाची कामं, ड्रायव्हिंग सीटवर बसलेल्याची नव्हेत. सीटबेल्ट न लावल्याचं १,००० रुपयांचं आलं असतं तर मी म्हटलं असतं गुपचूप भरा.

मालकांनी ही कपात उद्या 'दंड' म्हणून दाखवायचं ठरवलं, तर तेही सोपं नाही. कोणत्या चुकीला दंड हे आधी मंजूर करून नोटीस लावावी लागते आणि एका पगारात दंड ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तुमच्या पगाराला तो ८१० रुपये होतो.

सहीच्या कागदाची भीती सोडा. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून त्यात किल्ली, आरसीची झेरॉक्स आणि जॅक-पाना मिळाला एवढंच आहे. भाड्याचा शब्दही नाही. समजा असता, तरी संहितेप्रमाणे मिळणाऱ्या पगारावरचा हक्क कामगाराने सोडून दिल्याचा करार कलम ६० प्रमाणे रद्दबातल असतो. पण त्या कागदाचा फोटो तुमच्याकडे हवा. नसेल तर मागून घ्या.

सोडावं का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, निदान आत्ता. ज्या माणसाने वडिलांच्या ऑपरेशनला तीस हजार काढून दिले आणि बिनव्याजी वर्षभर थांबला, त्याच्याशी कामगार कार्यालयाच्या नोटिशीने बोलायला सुरुवात करू नये. त्याला कुणीतरी सल्ला दिला असेल, 'पोरांकडून वसूल कर, सगळेच करतात.' छोट्या धंद्यात निम्मा कायदा असाच चहाच्या टपरीवर ठरतो. आणि सोडलंत तर 'शिल्लक अ‍ॅडव्हान्स'च्या भानगडीसकट सोडाल. तेव्हा आधी हिशेब सरळ करून घ्या. पुढे कधी राजीनामा दिलात तर शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, एवढं ध्यानात असू द्या.

आधी चौघं एकत्र बसा. एकट्याने गेलात तर ती कुरबुर ठरते. मग मालकांना एक पानी पत्र द्या, चौघांच्या सह्यांचं. भाषा साधी ठेवा. मी लिहिलं असतं तर असं:

"साहेब, गेल्या सात महिन्यांपासून आमच्या प्रत्येकाच्या पगारातून दरमहा २,८०० रुपये 'अ‍ॅडव्हान्स वसुली' म्हणून कापले जात आहेत. या काळात आमच्यापैकी कोणीही अ‍ॅडव्हान्स घेतलेला नाही. ही कपात कशाची आहे ते लेखी कळवावे. फर्मच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीची असल्यास ती थांबवून आजवरची रक्कम परत मिळावी. खासगी वापर झाला असेल तर जीपीएसच्या नोंदीप्रमाणे किलोमीटरमागे योग्य तो दर आम्ही देऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे मालकांना मान न झुकवता मागे यायला जागा मिळते. तुमचा एकट्याचा अपघाताचा अर्ज वेगळा द्या. त्यात बिल आणि क्लेमचे कागद मागा, तुमचं म्हणणं लिहा आणि विमा वजा जाता जे राहील त्यातला तुमचा वाटा तुम्ही देणार असं स्वतःहून कळवा. दोन्ही पत्रांच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला कुणी तयार नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या रेशनकार्डासारखी जपा.

पंधरा-वीस दिवसांत काहीच झालं नाही, तर साताऱ्याच्या कामगार कार्यालयात जा. वेतन संहितेत कपातीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नाही, पण लांबणीवरही टाकू नका, स्लिपा हरवतात. दावा मान्य झाला तर मूळ रकमेबरोबर दहापटीपर्यंत भरपाई देता येते. हा आकडा ऐकून तुमच्यातल्या एकाच्या डोळ्यांपुढे आजच मोटारसायकल उभी राहील, त्याला आवरा. 'पर्यंत' हा शब्द फार लवचीक आहे. तुमचे हक्काचे सात गुणिले २,८०० म्हणजे १९,६०० आहेत, नजर त्यावर ठेवा.

बायको म्हणते 'कशाला वाकडं घेता', हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना वरचं पत्र वाचून दाखवा. वाकडं कुठे दिसलं तर तो शब्द बदला, आकडे तेवढे तसेच राहू द्या.

पुढच्या नाइट कॉलच्या आठवड्यात किल्ली घ्याल तेव्हा मीटरचा एक फोटो काढा, परत कराल तेव्हा दुसरा. आणि गाडीभोवती एक चक्कर मारून चारही बाजूंचे फोटो घ्या. डाव्या दारावरचा तो जुना ओरखडा, जो तुम्ही म्हणता दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून पडला, तोही त्यात नीट दिसला पाहिजे.